एकोणचाळीस शब्दांचा उतारा

आमच्या गावच्या अभ्यासिकेत एक मुलगी रोज संध्याकाळी येते. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. तिने एकदा तिची इंग्रजीची वही माझ्यापुढे ठेवली. दोनशे पानी वही, पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पहिला शब्द 'अबँडन', त्यापुढे 'त्याग करणे'. सुरुवातीची पंधरा-वीस पाने हाताळून मळलेली, कोपरे दुमडलेले. पुढची पाने जवळजवळ कोरी. शब्दकोश 'ए' पासून सुरू होतो, आणि मध्ये खंड पडला की माणूस दर वेळी पहिल्या पानापासून नव्याने सुरुवात करतो. म्हणून महाराष्ट्रात 'अबँडन' ठाऊक असणारे खूप भेटतात आणि 'टी', 'डब्ल्यू' पर्यंत पोहोचलेले फार थोडे.

तिला ते शब्द तोंडपाठ होते. व्याकरणाचे वेगळे पुस्तक होते, त्यातल्या रिकाम्या जागा ती बरोबर भरत होती. उताऱ्यांचे तिसरे पुस्तक होते. तरी इंग्रजी वर्तमानपत्रातला परिच्छेद समोर आला की चौथ्या ओळीला ती अडायची. "सर, शब्द येतात, पण वाक्य लागत नाही," असे ती म्हणाली. दुखणे तिने नेमके सांगितले होते. शब्द, व्याकरण आणि आकलन या तीन गोष्टी ती तीन पुस्तकांतून शिकत होती, आणि भाषेत त्या एकाच वाक्यात राहतात.

मी स्वतः मराठी शाळेतला. पाचवीत एबीसीडी गिरवली तेव्हा राज्यात पहिलीपासून इंग्रजी नव्हते. ते २००० साली आले. गेली काही वर्षे मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, आणि आता माझे मत पक्के झाले आहे. एक लहान उतारा घ्यावा आणि आठवडाभर त्याच्याशीच राहावे. तिन्ही पुस्तकांचे काम तोच करतो. कसे, ते एक उतारा घेऊनच दाखवतो. इंग्रजी मी देवनागरीत लिहितो आहे. तुम्ही ते आधी मोठ्याने वाचा आणि मग वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्या. श्रुतलेखनाचा पहिला सराव त्यातच होऊन जाईल.

'द मान्सून युज्वली रीचेस केरला अराउंड द फर्स्ट ऑफ जून. फार्मर्स इन महाराष्ट्र वेट फॉर इट अँक्शसली. इफ इट इज लेट, सोइंग इज डिलेड. वन इयर, हाउएव्हर, इट अराइव्ह्ड अर्ली, अँड मेनी ऑफ देम हॅड नॉट येट बॉट सीड्स.'

चार वाक्ये, एकोणचाळीस शब्द.

उतारा निवडताना एक मोजणी करावी. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ब्रिटिश अमदानीत ढाक्याला होते. बंगाली मुले इंग्रजी वाचताना कुठे अडतात याचा त्यांनी अभ्यास केला. अवघड आणि क्वचित येणारे शब्द मुलांवर लवकर लादले जातात आणि नेहमीचे शब्द कच्चे राहतात, हे पाहून त्यांनी सोप्या शब्दांत बांधलेली वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. ती वर्णानुक्रमे पाठ करायची यादी नव्हती, कोणते शब्द वारंवार लागतात याची निवड होती. साधारण लिखित इंग्रजीतला ८० टक्क्यांच्या आसपास मजकूर एवढ्या शब्दांतच येतो. म्हणजे 'गेट', 'टेक', 'येट', 'स्टिल', 'दो' हे शब्द नीट न येता 'अबँडन' येणे म्हणजे पाया न भरता कळस चढवणे.

पण ८० टक्के शब्द येऊन उतारा ८० टक्के समजत नाही. दर पाचवा शब्द अनोळखी असेल तर काहीच लागत नाही. न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी दाखवले की मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. एकट्याने आवडीचे पुस्तक वाचायचे तर हे माप धरावे. उतारा खोदून अभ्यासायचा असेल तर विसांत एक चालतो. आपल्या उताऱ्यात 'अँक्शसली' आणि 'सोइंग' हे दोन शब्द अडतील असे धरले तर प्रमाण जवळजवळ तेच येते. याहून जास्त अडले तर उतारा बदला. पदवी झालेल्या मुलांना सातवी-आठवीचे बालभारतीचे इंग्रजी पुस्तक हाती घ्यायला संकोच वाटतो. तो संकोच सोडा. ती पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यातले इंग्रजी आपल्या मुलांसाठी मापून घेतलेले आहे, आणि विषय आपल्या परिसरातले असल्यामुळे निम्मा अर्थ आधीच ठाऊक असतो.

पहिल्या दिवशी शब्दकोश उघडायचा नाही. उतारा तीनदा वाचायचा आणि काय समजले ते दोन ओळींत मराठीत लिहायचे, चुकले तरी चालेल. 'सोइंग' माहीत नाही? पाऊस लांबला की शेतकऱ्याचे काय लांबते, हे महाराष्ट्रातल्या माणसाला शब्दकोशाने सांगायला नको. पेरणी! हा अंदाज बांधणे म्हणजेच आकलनाचा सराव. परीक्षेच्या दालनात शब्दकोश नसतो, अंदाजच असतो.

दुसऱ्या दिवशी शब्द. इथे उभ्या रेघेची वही का फसते ते पाहा. त्या मुलीच्या वहीत 'अराउंड' पुढे 'भोवती, सभोवती' असे होते. ते चूक नाही. पण ते इथे बसवले तर मान्सून एक जूनच्या भोवती फिरायला लागतो. इथे अर्थ आहे 'सुमारास'. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दावर ठरतो, आणि मराठीत आपण हे दिवसभर अनुभवतो. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक लाडू. आपल्याला एकच 'कडक' पुरतो. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' होतो, शिस्त 'स्ट्रिक्ट', लाडू 'हार्ड', ऊन 'हार्श'. 'कडक म्हणजे हार्ड' एवढेच पाठ केलेला मुलगा 'हार्ड टी' मागणार. उलट 'रन' घ्या. पळणे, दुकान चालवणे, नाक वाहणे, क्रिकेटमधली धाव, आणि 'आउट' जोडला तर दूध संपणे. म्हणून सुटा शब्द टिपू नये, त्याची जोडी टिपावी. 'वेट' टिपू नका, 'वेट फॉर' टिपा. 'हेवी' टिपू नका, 'हेवी रेन' टिपा.

'रीचेस केरला' ही जोडी जरा थांबून बघण्यासारखी आहे. आपण म्हणतो 'केरळला पोहोचतो'. त्या 'ला'मुळे आपली मुले 'रीचेस टू केरला' लिहितात. इंग्रजीत तो 'ला' क्रियापदाच्या पोटातच आहे, वेगळा लावायचा नाही. 'तिच्याशी लग्न केले' मधल्या 'शी'मुळे 'मॅरिड विथ हर' होते, 'त्याबद्दल चर्चा केली' मधल्या 'बद्दल'मुळे 'डिस्कस्ड अबाउट इट' होते. दोन्हींत मधला शब्द नको. आणि 'पावसाची वाट पाहतात' यात आपल्याकडे 'ची' आहे, तिकडे 'फॉर' लागतोच. तो मुले गाळतात. या चुका आळसाच्या नाहीत. मराठी नीट येते म्हणून त्या होतात, आणि त्याच कारणाने मराठी शेजारी ठेवून पाहिले की लवकर सुटतात.

शब्दकोश कोणता? पुढच्या टप्प्यावर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परभाषिकाला शब्दाच्या अर्थाइतकीच तो कसा वापरायचा याची अडचण असते, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डने १९४८ पासून काढला आणि आज आपल्या ग्रंथालयांत दिसतो. लाँगमनचा १९७८ चा कोश सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच समजावतो. असल्या कोशात अर्थाखालचे उदाहरणाचे वाक्य आधी वाचावे, अर्थ नंतर.

टिपलेला शब्द डोक्यात राहतो कसा? इथे आपली सवय मोडावी लागते. आपण वही उघडून वाचत बसतो. डोळ्यांना शब्द ओळखीचा वाटतो आणि मन म्हणते, येतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवण्याची धडपड हाच सराव आहे, वाचणे ही त्याची फक्त तयारी.

आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायची चाल होती. पाढे वहीतून वाचायचे नसत, देवापुढे बसून तोंडाने म्हणायचे असत. पद्धत बरोबरच होती, कमतरता एवढीच की बे एके बे आणि एकोणतीस सत्ते यांना सारखाच वेळ मिळे. ती कमतरता सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सांगितलेल्या खोक्याने भरून निघते. बुटांचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूला गाळलेला शब्द असलेले वाक्य: 'फार्मर्स वेट डॅश रेन'. मागे 'फॉर'. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा पंधरा दिवसांनी. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात. महिन्याभरात दिसते की सोप्या चिठ्ठ्या मागच्या कप्प्यात निघून गेल्या आणि रोजचा वेळ फक्त अवघड वीस-पंचवीस शब्दांना मिळतो आहे. हेच काम मोबाइलवर अँकी नावाचे अ‍ॅप करते. तरी मी मुलांना आधी खोका करायला लावतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीतले स्पेलिंग हाताला आठवते. दिवसाला नव्या सहा-सात चिठ्ठ्यांच्या वर जाऊ नका. पन्नास केल्या की पाचव्या दिवशी खोका कपाटावर जातो.

श्रुतलेखनात 'सोइंग' तुम्ही कसे लिहिले, तेही तपासा. 'एस-ओ-डब्ल्यू' ने सुरू केले तर पेरणी, 'एस-ई-डब्ल्यू' ने केले तर शिवण. उच्चार एकच. कानाला फरक कळत नाही, वाक्याने कळतो.

आता व्याकरण. नियम आधी आणि उदाहरण मग, असा आपल्याकडचा क्रम. मी तो उलटा करतो. उताऱ्यात जे दिसेल तेवढ्याच व्याकरणाशी त्या आठवड्यात झटायचे. इथे दोन मोठ्या गोष्टी आहेत.

शेवटचे वाक्य पाहा. 'इट अराइव्ह्ड अर्ली' हा साधा भूतकाळ, 'हॅड नॉट येट बॉट' हा पूर्ण भूतकाळ. मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच: 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे'. कारण सरळ आहे. आपण 'मी काल पुण्याला गेलो होतो' असे म्हणतो आणि 'होतो' म्हणजे 'हॅड' असे धरतो. आपला 'होतो' जाऊन परत आल्याची गोष्ट सांगतो. इंग्रजीतला 'हॅड' वेगळी गोष्ट सांगतो: भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती. वहीत एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर एक टिंब, पाऊस आला. त्याच्या डावीकडे दुसरे टिंब, बियाणे घेणे, जे व्हायला हवे होते आणि झाले नाही. डावीकडच्या टिंबाला 'हॅड' लागतो. दुसरे टिंब नसेल तर 'हॅड' नको. पुण्याला काल गेलात, तेवढेच सांगायचे असेल तर 'आय वेंट टू पुणे येस्टरडे'. 'आय हॅड गॉन टू पुणे व्हेन ही केम' म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, तिथे टिंबे दोन आहेत.

दुसरी गोष्ट उपपदांची. मराठीत उपपद नाही, म्हणून ते एक तर गळते किंवा सगळीकडे शिंपडले जाते. मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: ऐकणारा 'कुठला?' असे विचारेल का? 'अ फार्मर केम' म्हटले तर तो विचारेल, कुठला? 'द मान्सून' म्हटल्यावर विचारणार नाही, कुठला ते त्याला ठाऊक आहे. 'द फर्स्ट ऑफ जून', एक तारीख महिन्यात एकच. 'फार्मर्स इन महाराष्ट्र' मागे काही नाही, कारण अमुक शेतकरी असे बोलणे नाही, सगळ्याच शेतकऱ्यांविषयी आहे. या एका प्रश्नाने सगळी उपपदे सुटणार नाहीत, पण निम्म्याहून जास्त सुटतात.

'अ' लावायचा की 'अ‍ॅन', यात तर आपल्याला इंग्रज मुलापेक्षा सोय आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'अ‍ॅन अवर', जरी इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला 'एच' असला तरी. 'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होते, य व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', जरी स्पेलिंग 'यू' पासून असले तरी. 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन', 'अ‍ॅन एम.एल.ए.', 'अ वन-वे रोड'. नियम उच्चाराचा आहे आणि आपली लिपी उच्चार लिहिते. शाळेत मला 'ए, ई, आय, ओ, यू' चा नियम पाठ करायला लावला होता आणि 'अवर' व 'युनिव्हर्सिटी' हे अपवाद म्हणून घोकायला लावले होते. ते अपवाद नाहीतच, हे कळायला मला कॉलेज उजाडले.

उताऱ्यात नसलेली एकच गोष्ट इथे जोडतो, कारण ती फार छळते. 'पासून'. 'मी पाच वर्षांपासून नाशिकला राहतो' याचे 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स' होते. दोन चुका आहेत. आपला 'पासून' सुरुवातीलाही लागतो आणि कालावधीलाही. इंग्रजीत सुरुवातीला 'सिन्स', कालावधीला 'फॉर'. मराठीतच एक चौकट करून पाहा: 'मला इथे येऊन अमुक झाले'. 'येऊन पाच वर्षे झाली' बसते, तिथे 'फॉर'. 'येऊन सोमवार झाला' किंवा 'येऊन २०१९ झाले' असे कोणी म्हणत नाही, तिथे 'सिन्स'. दुसरी चूक काळाची. आपण वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजी 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणते, कारण तिकडे मागून चालत आलेली गोष्ट नुसत्या वर्तमानात मावत नाही.

शब्द आणि व्याकरण झाले की आकलनाचे प्रश्न. प्रश्न स्वतः तयार करा. प्रश्न काढताना समजते की उत्तर लपते कुठे. त्याआधी उताऱ्यात पेन्सिलीने बाण काढा. 'इट' तीनदा आले आहे, तिन्ही बाण 'मान्सून'कडे. 'देम' चा बाण 'फार्मर्स'कडे. लांब उताऱ्यात आपण अडतो ते बहुधा अवघड शब्दावर नाही, 'इट', 'दिस', 'दोज' कुणाबद्दल आहे ते निसटल्यामुळे अडतो. मग 'हाउएव्हर' भोवती गोल करा. हा शब्द सांगतो की आतापर्यंतचे बोलणे इथून वळणार आहे. 'बट', 'येट', 'ऑल्दो' ही सगळी वळणाच्या पाट्यांची जात, घाटातल्यासारखी. पाटी न वाचता गेलात की उत्तर चुकते.

आता प्रश्न. मान्सून केरळला साधारण केव्हा पोहोचतो? उत्तर एका ओळीत आहे, बोट ठेवता येते. 'अर्ली' च्या विरुद्ध अर्थाचा शब्द उताऱ्यात कोणता? 'लेट', शोधून मिळतो. एका वर्षी लवकर आलेला पाऊस अडचणीचा का ठरला? याचे उत्तर कुठल्याच ओळीत लिहिलेले नाही. पाऊस आला, बियाणे घरात नव्हते, पेरणी करायची कशाने? दोन गोष्टी आपण जोडायच्या. दहावीच्या कृतिपत्रिकेत असे प्रश्न असतातच, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत सीसॅटच्या पेपरात याच जातीच्या उताऱ्यांचे पर्यायी प्रश्न मोठ्या संख्येने येतात. तो पेपर पात्रतेपुरता, त्यात ३३ टक्के गुण पुरतात. पण उतारे इंग्रजीत आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत, म्हणून मराठी मुलांची तिथे दमछाक होते.

पर्यायांत दोन सापळे नेहमीचे. 'त्या वर्षी शेतकऱ्यांनी बियाणे घेतलेच नव्हते' हा पर्याय बरोबर वाटतो, पण उताऱ्यात 'मेनी ऑफ देम' आहे, सगळे नाहीत. शिवाय 'नॉट येट' आहे, म्हणजे 'अजून घेतले नव्हते'. दुसरा सापळा जास्त घातक: 'लवकर आलेला पाऊस पिकांना चांगला असतो'. कुणी सांगावे, खराही असेल. शेतकऱ्याचा मुलगा तर आपल्या अनुभवावरून तोच निवडेल. पण उतारा तसे म्हणत नाही. उत्तर उताऱ्यातून द्यायचे, आपल्या शेतातून नाही. पहिल्या दिवशी अंदाज बांधताना जो अनुभव कामी आला, तोच उत्तर देताना बाजूला ठेवायचा. ही शिस्त सरावानेच येते. त्यासाठी प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातले ते शब्द लिहा, ज्यांच्या बळावर उत्तर दिले. शब्द सापडले नाहीत तर उत्तर बदला.

शेवटचा व्यायाम मला सर्वांत प्रिय आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ लहान असताना रॉजर अ‍ॅस्कम तिचे शिक्षक होते. त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली निघालेल्या 'द स्कूलमास्टर' या पुस्तकात त्यांनी लॅटिन शिकवायची रीत सांगितली. विद्यार्थ्याने लॅटिन उतारा आपल्या भाषेत करावा. मग मूळ बाजूला ठेवून, काही वेळाने, आपल्या भाषांतरावरून पुन्हा लॅटिन करावे आणि मुळाशी ताडून पाहावे. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, तीही भाषांतराच्याच वाटेने. पुढे ही वाट जुनी ठरवली गेली आणि वर्गात मराठी बोलणे चूक मानले जाऊ लागले. मला ते कधीच पटले नाही. मराठी शेजारी नसेल तर 'होतो' आणि 'हॅड' मधला फरक मुलाला कशात दाखवणार?

त्या मुलीने हा उतारा मराठीत केला होता: 'मान्सून साधारणतः एक जूनच्या सुमारास केरळात पोहोचतो. महाराष्ट्रातले शेतकरी त्याची आतुरतेने वाट पाहतात. त्याला उशीर झाला तर पेरणी लांबते. एका वर्षी मात्र तो लवकर आला आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी अजून बियाणे घेतले नव्हते.' चार दिवसांनी तिने तो उलट इंग्रजीत केला. 'रीचेस' बरोबर आले. 'वेट' पुढचा 'फॉर' आला. 'पेरणी लांबते' ला तिने 'सोइंग डिलेज' लिहिले. मराठीत पेरणी आपली आपण लांबते, इंग्रजीत ती लांबवली जाते, म्हणून 'इज डिलेड'. कर्मणी प्रयोगावरची तीन पाने तिने पूर्वी सोडवली होती, सगळी बरोबर. तो प्रयोग लागतो कुठे, हे तिला त्या संध्याकाळी, दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसले. ती चूक तिने लाल शाईने दुरुस्त केली नाही. चिठ्ठी करून खोक्याच्या पहिल्या कप्प्यात टाकली.

एका उताऱ्याला रोजचा अर्धा तास, असे सहा दिवस लागतात. सातव्या दिवशी नवा उतारा, आणि जुना फक्त एकदा मोठ्याने वाचायचा.

वरचे मराठी भाषांतर तुमच्यासमोर आहे. ते वहीत उतरवून घ्या आणि हा अंक चार दिवस कपाटात ठेवा. पाचव्या दिवशी त्या मराठीवरून इंग्रजी करा, मग अंक काढून ताडून पाहा. जिथे तुमचे वाक्य मुळापासून वेगळे झाले असेल, त्या जागेखाली रेघ मारा. पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथून सुरू करा.